सबनीस काकूंच्या मुलाखती

आमच्या घरातल्या तिघांनाही सबनीस काकूंनी नोकरी नाकारलेली आहे. माझा नवरा मंदार एका बँकेत डायरेक्टर आहे. त्याला नाकारायला त्यांना चार मिनिटं लागली. मला त्याहून कमी. आमची सई तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मात्र "दोन वर्षांनी ये, बघू," असं सांगितलं, आणि ती त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडीत आमच्याकडे जरा वरूनच बघत होती.

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरहून गाडीने अर्ध्या तासावर एक जुनं तीन मजली घर आहे. तिकडे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी गादीवर होती त्या काळात, विटांच्या कारखान्याच्या एका मालकाने ते आपल्या कुटुंबासाठी बांधलं. आता तिथे म्युझियम आहे. रविवारच्या मराठी शाळेची ट्रिप तिथे गेली, आणि आम्ही पालक मुलांना सांभाळायला म्हणून गेलो. दार उघडलं ते एका ठेंगण्या बाईंनी. काळा पायघोळ झगा, कडक पांढरी कॉलर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कपाळावर ठसठशीत मरून टिकली.

"यू आर लेट," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे नीट बघून मराठीत, "जागेसाठी आलात ना? भिंतीला लागून उभे राहा. मुलं पुढे, मोठे मागे."

त्या घराच्या हाउसकीपर होत्या. म्हणजे, सोंग हाउसकीपरचं होतं. म्युझियमच्या बाकीच्या व्हॉलंटियर बायका लोकांना झुंबरं, पियानो आणि चांदीची भांडी दाखवायच्या. काकू काहीच दाखवत नसत. त्या मोलकरणीच्या जागेसाठी मुलाखती घेत. आधी दोन मिनिटांत परिस्थिती सांगत: अशा घरात चौदा शेगड्या, रोज कोळसा वर न्यायचा, राख खाली आणायची, दिव्यांच्या काचा पुसायच्या, सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री. मालकीणबाईंना नवऱ्याची काळजी नसे, मुलांची नसे. काळजी एकच, माणूस टिकत नाही. मुली यायच्या, महिनाभर राहायच्या आणि कारखान्यात निघून जायच्या, कारण कारखान्यात काम कितीही असलं तरी संध्याकाळ आपली असते. मग पुन्हा पेपरात जाहिरात, पुन्हा मुलाखती. आणि आधीच्या मालकिणीचं पत्र आणल्याशिवाय कोणी दारात उभं करत नसे. त्या पत्राला 'कॅरेक्टर' म्हणत.

"हात दाखवा," त्या मंदारला म्हणाल्या.

त्याने दाखवले.

"मऊ. काय करता?"

"मी टीम मॅनेज करतो."

"म्हणजे दुसऱ्यांना कामं सांगता. ती जागा मालकीणबाईंची, भरलेली आहे. पुढचे."

मला त्यांनी पहाटे किती वाजता उठतेस विचारलं. मी साडेसहा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं आणि किल्ल्या एकदा वाजवल्या. सईने मात्र उलट विचारलं, "डू आय गेट वीकेंड्स?"

"पंधरा दिवसांतून एक दुपार."

"देन नो, थँक यू."

"हिला कळतं," काकू आम्हा मोठ्यांना म्हणाल्या, आणि सईला, "दोन वर्षांनी ये, बघू."

नाकारलेल्या उमेदवारांनाही सुटका नव्हती. मागच्या बाजूला नोकरांचा जिना होता, अंधारा, एका माणसापुरता. नोकर पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून तो वेगळा बांधलेला. प्रत्येकाने पाण्याने भरलेली एकेक बादली घेऊन त्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जायचं, कारण मालकीणबाईंच्या एका आंघोळीला अशा वीस खेपा लागत. आमच्यात एक हार्ट सर्जन होते. ते वर पोचले तेव्हा अर्धं पाणी त्यांच्या बुटात होतं. काकूंनी ओल्या पायऱ्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या फडक्याकडे बोट दाखवलं आणि एकच शब्द बोलल्या.

"पुसा."

त्यांनी पुसलं.

पुढे कळलं की काकू आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहतात. मग येणंजाणं सुरू झालं. मूळच्या कोल्हापूरच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या. रिटायर झाल्यावर पंधरा दिवसांत घरातली सगळी कपाटं आवरून झाली. सोळाव्या दिवशी त्या म्युझियममध्ये जाऊन "काम द्या" म्हणाल्या. तिथल्या प्रमुख लिंडाबाई भल्या आणि भिडस्त. काकूंना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी थेट मालकिणीचाच पार्ट देऊ केला.

"मालकीण काय करते?" काकूंनी विचारलं.

"ती दिवाणखान्यात बसते."

"मला बसायचं असतं तर मी घरीच नसते का बसले?"

त्यांनी हाउसकीपरची जागा मागितली. लिंडाबाई अडखळत म्हणाल्या, की त्या काळी न्यू जर्सीत भारतीय हाउसकीपर... म्हणजे इतिहासाला धरून... काकू म्हणाल्या, "त्या काळी वाय-फायही नव्हतं. तुमच्या दारावर पासवर्ड लावलाय."

ड्यूटी संपली की त्या कपडे न बदलता तशाच इंडियन ग्रोसरीत जात. काळा झगा, किल्ल्या, आणि पुढ्यात ढकलगाडी. भेंडी एकेक मोडून बघत, आणि दुकानातले लोक आपोआप वाट देत. त्या जुडग्यातल्या सतरा किल्ल्यांपैकी फक्त एकीने काहीतरी उघडायचं, ते म्हणजे झाडूचं कपाट. पण ते त्यांना आणि मलाच माहीत होतं.

"कॅरेक्टर आणलंय का?" हे त्यांचं पालुपद झालं होतं. प्लंबरला विचारत, नव्या डेंटिस्टला विचारत. त्यांचा मुलगा निखिल सिअॅटलला असतो. त्याने आपली मैत्रीण पहिल्यांदा घरी आणली, तेव्हा तिलाही त्यांनी हेच विचारलं. पोरगी अमेरिकन, बिनधास्त. म्हणाली, "कोणाचं आणू? आधीच्या बॉयफ्रेंडचं?"

"असल्यास उत्तम," काकू म्हणाल्या. पुढच्या वर्षी लग्न झालं.

हे सगळं ऐकून आम्ही हसायचो, आणि आपण हसवतो हे त्यांना ठाऊक असायचं. पण एकदा त्यांनी मला म्युझियमच्या माळ्यावर नेलं. तिथे जुन्या नोकरांची एक यादी काचेखाली ठेवली होती. नुसती पहिली नावं. त्यात एकापाठोपाठ तीन मेरी.

"एकच नव्हे हं," काकू म्हणाल्या. "वेगवेगळ्या. नवी आली की तिलाही मेरीच म्हणायचे. नाव लक्षात ठेवायचा त्रास नको." मग जरा वेळ काचेवरची धूळ पुसत राहिल्या. "आमच्याकडे कोल्हापूरला भांड्यांना बाई यायच्या. अठरा वर्षं. मला कडेवर घेऊन भांडी घासलीत त्यांनी. आई होती तेव्हा मी तिला फोनवर विचारलं होतं, त्या बाईंचं नाव काय गं? आई म्हणाली, 'बाईंचं नाव? बाईच की.'"

मी यादीतल्या तीन मेरी पुन्हा एकदा वाचल्या.

"इकडे आल्यावर बरं झालं," त्या जिना उतरताना म्हणाल्या. "मीच मालकीण आणि मीच मेरी."

ते खरंच होतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरात कामाला कधी कोणी आलं नव्हतं. मी आमच्याकडे पंधरा दिवसांनी क्लीनिंगला बायका येतात असं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला "दुखतंय का काही?" असं विचारलं होतं.

मग दुखायची पाळी त्यांच्यावरच आली. गणपतीच्या आधी मोदकपात्र काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रिहॅबमध्ये दोन आठवडे काढले, आणि वॉकर घेऊन घरी आल्या. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने एकटीने आंघोळ नाही, जिना नाही, वाकणं नाही. सबनीस काका जन्मभर पुलांची डिझाइनं केलेले इंजिनियर, अत्यंत कमी बोलणारे. त्यांचे हात अलीकडे थरथरत, म्हणून चहाचा कपही ते अर्धाच भरत. त्यांच्या भरवशावर काकूंना उठवणं शक्य नव्हतं.

निखिलने सिअॅटलहून फोनवर निर्वाणीचं सांगितलं. स्पीकर चालू होता, मी तिथेच होते.

"आई, पुढच्या रविवारपर्यंत फुल डे हेल्प ठेव. नाहीतर मी येतो, घर लॉक करतो आणि तुम्हा दोघांना इकडे सीनियर होममध्ये ठेवतो. आय अॅम सीरियस."

"मला माणसं पारखायला शिकवू नकोस," काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या खिडकीतून आपल्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघत बसल्या. हे घर सोडायचं म्हटलं की त्यांना धडकी भरायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मुलाखती सुरू झाल्या. खऱ्या. एजन्सीने पहिली बाई पाठवली. काकूंनी पलंगावरून तिला पहाटे उठण्याच्या वेळेपासून सगळं विचारलं आणि सेंट फार मारते म्हणून नाकारली. दुसरी प्रत्येक वाक्याला 'नो प्रॉब्लेम' म्हणाली. काकूंनी नऊपर्यंत मोजले. "जिला कशातच प्रॉब्लेम दिसत नाही, तिला कचरा काय दिसणार?" तिसरीला विचारलं, "तुमच्यातला सर्वांत मोठा दोष कोणता?" तिने बॅग उचलली आणि, "मी अशा घरांत बसून राहते," म्हणून निघून गेली. तोवर शुक्रवार उजाडला होता.

शुक्रवारी ग्रेस आली. मी आमटी घेऊन गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. उंच, आखूड कापलेले पांढरे केस, पन्नाशी उलटलेली, मूळची घानाची. याच कामात अठरा वर्षं.

"कॅरेक्टर आणलंय का?" काकूंनी इंग्रजीतून विचारलं.

ग्रेसने तीन पत्रं पुढे ठेवली. काकूंनी चष्मा लावून तिन्ही वाचली, एकात स्पेलिंगची चूक काढली आणि मान डोलावली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात ग्रेसने पर्समधून एक छोटी वही काढली.

"आता माझे प्रश्न," ती म्हणाली. "घरात कोणी ओरडतं का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं.

"कधी कधी," काकू म्हणाल्या.

"मला काय हाक माराल? मला द गर्ल म्हटलेलं चालत नाही. द हेल्पही नाही."

"ग्रेसताई," काकू लगेच म्हणाल्या, आणि ताई म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ग्रेसने वहीत लिहून घेतलं.

"आणि तुमचं पत्र?"

"माझं कसलं पत्र?"

"तुमची काळजी आधी जिने घेतली असेल, तिचं. मागच्या घरी बाईंनी मला काठी फेकून मारली होती. तुम्ही कशा आहात हे मला कसं कळणार?"

"माझी काळजी कोणी कधी घेतलेली नाही," काकू म्हणाल्या. वाक्य सुरू केलं तेव्हा आवाजात ताठा होता. संपेपर्यंत तो राहिला नव्हता.

ग्रेसने वही मिटली. "उद्या चारपर्यंत कळवते. पत्र मिळालं तर बरं."

ती गेल्यावर काकूंनी मला विचारलं, "तू लिहिशील?" मी म्हणाले, "काकू, मला तुम्ही फक्त नाकारलंय. मी काय लिहू?" तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काका म्हणाले, "मी लिहितो."

एवढं बोलून ते जेवणाच्या टेबलापाशी बसले. आधी पट्टीने समास आखला. तासभर बसले होते. हात थरथरत असल्याने अक्षर वाचता येईना, म्हणून टाइप करायला त्यांनी कागद माझ्याकडे दिला. काकू आतून ओरडत होत्या, "मला दाखवा आधी!"

"पत्र उमेदवाराला दाखवत नाहीत," काका म्हणाले. लग्नानंतर त्यांनी काकूंना बहुधा पहिल्यांदाच नाही म्हटलं असावं.

पत्र इंग्रजीत होतं. मजकूर मला अजून जवळजवळ पाठ आहे.

'मी मिसेस सबनीस यांच्या हाताखाली अठ्ठेचाळीस वर्षं काम करत आहे. त्या प्रामाणिक आहेत व लवकर उठतात. पहिल्या चहाआधी त्यांच्याशी बोलू नये. त्यांच्या बरण्यांच्या जागा बदलू नयेत. मी एकदा बदलल्या होत्या. दुखत असलं तर त्या सांगत नाहीत, कपाट आवरायला घेतात, त्यावरून ओळखावं. मी आजारी होतो तेव्हा त्या अकरा दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून होत्या आणि नर्सकडे तक्रार केली ती फक्त खुर्चीची. त्यांना आभार मानता येत नाहीत; त्याऐवजी त्या जेवायला वाढतात. काठी फेकून मारणार नाहीत. नेम चांगला नाही. मला पुन्हा संधी मिळाली तर मी याच जागेसाठी अर्ज करीन.'

मी टाइप केलं. दोनदा चष्मा पुसावा लागला.

शनिवारी ग्रेस आली, पत्र दारातच उभ्याने दोनदा वाचलं, घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "सोमवारी आठला येते." ते पत्र तिने परत कधीच दिलं नाही. काकूंनी मला पुढे वर्षभर विचारलं, "काय लिहिलं होतं गं ह्यांनी?" मी सांगायचे, "स्पेलिंग सगळी बरोबर होती."

सोमवारी काय झालं ते काकांनी मला क्रिकेटची मॅच सांगावी तसं सांगितलं. परकी बाई घरात येणार म्हणून काकू पहाटे पाचला उठल्या, वॉकर धरून ओटा घासला, सिंक घासलं, फरशी पुसली. आठला ग्रेस आली तेव्हा त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने वॉकरला लटकून उभ्या होत्या. ग्रेसने घरभर एक फेरी मारली आणि कोटही न काढता खुर्चीवर बसली.

"माझं काम झालेलं दिसतंय," ती म्हणाली.

"तू बस. मी चहा करते."

"तुम्ही झोपेपर्यंत मी उठणार नाही."

दोघी दोन तास तशाच. एक उभी, एक बसलेली. दहा वाजता काकू जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. मंगळवारी पुन्हा तेच, पण तासभरच. बुधवारी काकूंनी मुद्दाम दोन कप विसळायचे ठेवले. "तिला बरं वाटावं म्हणून," असं मला फोनवर सांगितलं. ग्रेसने ते दोन कप चांदीचे असावेत तसे धुतले, पुसले आणि जागच्या जागी ठेवले. बरण्यांना तिने हात लावला नाही.

आंघोळीचं मात्र आठवडाभर अडलं होतं. काकू रोज काहीतरी सबब काढायच्या. मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"आज आंघोळ झाली," त्या म्हणाल्या. मला वाटलं, फोन कट झाला.

"पाणी चांगलं कढत होतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

निखिल त्यानंतरच्या रविवारी आला तो घराला कुलूप न लावता परत गेला. तीन महिन्यांनी काकू काठी घेऊन म्युझियममध्ये कामावर रुजू झाल्या. ग्रेस आठवड्यातून दोन दिवस काकांसाठी म्हणून येत राहिली, पण बसायची काकूंशीच बोलत. काकूंच्या मुलाखतीत आता एक बदल झाला होता. उमेदवाराला नाकारण्याआधी त्या म्हणायच्या, "आता तुम्ही विचारा. या घरात राहायला येण्याआधी तुम्हाला काय माहीत हवं?" लोक गांगरायचे. शिकली-सवरलेली माणसं पार्किंग आहे का विचारायची. एकदा मात्र एका साध्या कपड्यांतल्या बाईंनी एकामागून एक चौदा प्रश्न विचारले: खोलीला आतून कडी आहे का, आजारी पडलं तर काय, जेवण त्यांच्याआधी की नंतर. त्या कुठल्याशा हॉटेलात खोल्या साफ करायच्या. माझ्या माहितीत काकूंनी नोकरी दिलेल्या त्या एकट्याच. लिंडाबाईंनी मध्ये पडून, खरी नोकरी नाही हो, असं समजावलं, तेव्हा दोघी सारख्याच खट्टू झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात काकू आपणहूनच काकांना घेऊन सिअॅटलला राहायला निघाल्या. निखिलला मुलगी झाली होती. "बाळाला सांभाळायला माणूस मिळत नाहीये म्हणे," काकू म्हणाल्या. "सुनेने आतापर्यंत नऊ जणींना नाकारलं. गुणाची आहे पोरगी."

निघायच्या आठवड्यात मी खोकी बंद करायच्या टेपचे चार रोल घेऊन त्यांच्याकडे गेले. पुढचं दार उघडंच होतं, आत माणूस नाही. मागे डेकवर गेले. काकू आरामखुर्चीत गाढ झोपल्या होत्या, दुपारी दोन वाजता, तोंड उघडं, एक सपात गळून पडलेली. त्यांना झोपलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. किती लहान दिसत होत्या. शेजारी ग्रेस संत्रं सोलत बसली होती. तिने मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग ऊन सरकून काकूंच्या चेहऱ्यावर आलेलं तिला दिसलं, तशी ती उठली, आवाज न करता आपली खुर्ची दोन हात पुढे उचलून ठेवली, आपली सावली त्यांच्यावर नीट पडेल अशी उन्हाकडे पाठ करून बसली आणि संत्र्याच्या शिरा काढू लागली.

मी टेप पायरीवर ठेवली आणि पाऊल न वाजवता निघाले.